रविवारची पत्रं

प्रश्न असा आला आहे: "माझे पती अमेरिकन, वय ६३. त्यांचे आईवडील मिशनरी होते, म्हणून वयाच्या सहाव्या वर्षापासून ते पश्चिम आफ्रिकेतल्या मिशनच्या निवासी शाळेत वाढले. आमच्या लग्नाला ३१ वर्षं झाली, पण शाळेबद्दल ते कधी फारसं बोलले नाहीत. दोन महिन्यांपूर्वी सासूबाई गेल्या. नणंदेनं त्यांच्या सामानातला बुटांचा एक खोका पाठवला. त्यात यांनी दर रविवारी शाळेतून लिहिलेली पत्रं होती. त्या रात्री हे गॅरेजमध्ये बसून राहिले. पहाटे आत येऊन म्हणाले की, वसतिगृह सांभाळणारे गृहस्थ आपल्याला मारायचे, 'आणि आणखीही'. तेव्हापासून पुन्हा गप्प आहेत. झोप नाही. धाकटे दीर म्हणतात, शाळा उत्तम होती. मिशनला कळवावं का? कुणाकडे न्यावं? माझा भाऊ म्हणतो, इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला आण. मी काय करू, आणि त्या खोक्याचं काय करू?"

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी एक सांगते. ते तुमच्याशी बोलले, ही फार मोठी गोष्ट घडली आहे. पन्नासहून जास्त वर्षं पोटात ठेवलेलं कुणी सहजासहजी बाहेर काढत नाही. ज्याच्यापाशी काढतो, त्याला त्यानं वर्षानुवर्षं पारखलेलं असतं. तुम्ही त्या पारखण्यात उतरलात. नंतर ते गप्प झाले याचा अर्थ दार बंद झालं असा घेऊ नका. बोलून टाकल्यावर माणूस बऱ्याचदा मागे सरतो आणि बघत राहतो की, आता आपल्याकडे बघणारी नजर बदलली का. पुढचे काही आठवडे ते हेच बघणार आहेत.

मी सत्तावीस वर्षं अमेरिकेत थेरपिस्ट म्हणून काम करते आहे आणि त्यातली बरीच वर्षं अशा निवासी शाळांत वाढलेल्या मोठ्या माणसांबरोबर गेली आहेत. सल्ल्याकडे वळण्याआधी या शाळांबद्दल थोडं सांगायला हवं. आपल्या मराठी घरांत 'मिशन शाळा' म्हटलं की भलतंच चित्र डोळ्यांपुढे येतं. मी मूळची नगरची. आमच्याकडे मिशनची शाळा म्हणजे गावातल्या मुलांसाठी मिशनऱ्यांनी काढलेली शाळा. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ पासून नगरला काम करू लागले, त्यामुळे त्या शाळा आमच्या पणजोबांच्याही आधीच्या. पण मिशनऱ्यांच्या स्वतःच्या मुलांसाठी वेगळी सोय होती. त्यांना मायदेशी तरी पाठवत, नाहीतर खास त्यांच्यासाठी थंड हवेच्या ठिकाणी काढलेल्या निवासी शाळांत. मसुरीचं वुडस्टॉक १८५४ चं, कोडाईकॅनॉलची शाळा १९०१ ची. या दोन शाळांवर माझा रोख नाही, फक्त मांडणी कळावी म्हणून नावं घेतली. आफ्रिकेत, आशियात, दक्षिण अमेरिकेत अशा शाळा विसाव्या शतकभर होत्या. सहा वर्षांचं पोर वर्षाचे आठ-नऊ महिने तिथे असायचं आणि आईवडील रस्त्याने कित्येक दिवसांच्या अंतरावर, कधीकधी दुसऱ्याच देशात.

"इतक्या लहान लेकराला दूर ठेवलंच कसं?" हे वाक्य तुमच्या माहेरचं कुणीतरी बोलणारच. यांच्यासमोर ते निघू देऊ नका. अनेक मिशनांत तो नियमच होता. मूल जवळ ठेवायचा हट्ट धरणाऱ्या आईला 'हिची सेवेवरची निष्ठा कमी' असं ऐकावं लागे. देवाच्या आज्ञेवरून अब्राहाम आपला मुलगा इसहाक याचा बळी द्यायला निघाला, ती बायबलमधली गोष्ट या आयांना पुन्हापुन्हा सांगितली गेली. त्यांतल्या कित्येकींनी मुलाला ट्रकमध्ये बसवून दिल्यावर घरी येऊन काय केलं असेल, ते त्यांनाच ठाऊक.

अशा शाळांत वाईट वागणारा माणूस सापडला तर त्याला अडवणारं कुणी नसायचं. वसतिगृह सांभाळणारं जोडपं म्हणजे त्या मुलांचे वॉर्डन, पालक, कधी शिक्षकही, शिवाय प्रार्थना घेणारे तेच. मुलं त्यांना 'अंकल', 'आंटी' म्हणत. ते मारत तेही देवाच्या नावानं. ज्या देशात शाळा, तिथली भाषा मुलांना जेमतेम येणारी, तिथल्या पोलिसाकडे जाण्याचा प्रश्नच नाही. राहिला एक मार्ग, घरी पत्र लिहिण्याचा. तोही बंद असायचा.

गिनी देशात ममू इथे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनची अशी शाळा होती. ती १९७१ मध्ये बंद झाली. तिथल्या मुलांनी मोठं झाल्यावर, म्हणजे चाळिशी-पन्नाशीत आल्यावर, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा कुठे १९९६ मध्ये स्वतंत्र चौकशी आयोग नेमला गेला आणि १९९८ मध्ये त्याचा अहवाल आला. मारहाण, लैंगिक अत्याचार, गादी ओली केली म्हणून चारचौघांत लाज काढणं, असं त्यात बरंच आहे. मला स्वतःला सगळ्यात जास्त लागली ती पत्रांची हकिकत. मुलांनी घरी लिहिलेली पत्रं शाळेतली मोठी माणसं आधी वाचत. रडगाणं असलेलं पत्र जायचं नाही. मुलांना सांगितलं जाई की, तू असं लिहिलंस तर आईबाबांचं लक्ष कामावरून उडेल, ते परत येतील, आणि इथले लोक तारणाला, म्हणजे देवाकडून मिळणाऱ्या मुक्तीला, मुकतील, तेही तुझ्यामुळे. सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर हा भार.

आता त्या खोक्याकडे बघा. सासूबाईंनी ती पत्रं इतकी वर्षं जिवापाड जपली, कारण त्यांच्या लेखी तो लेकराच्या सुखाचा पुरावा होता. यांनी खोका उघडला तेव्हा त्यांना काय दिसलं असेल? आपल्याच हस्ताक्षरात, रविवारमागून रविवार, 'मी मजेत आहे'. प्रत्येक कागद म्हणजे त्यांच्याकडून जबरदस्तीनं लिहवून घेतलेलं खोटं, आणि त्या खोट्यावर आई समाधानानं जगली हे आता हातात आलेलं. ते गॅरेजमध्ये जाऊन बसले यात मला नवल वाटत नाही.

'आत्ताच का' हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तुमच्या पत्रात तो आहे. आई असेपर्यंत ते तिला जपत होते. सहाव्या वर्षी दिलेलं काम त्यांनी ६३ व्या वर्षापर्यंत इमानानं केलं. ती गेली आणि काम संपलं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी फार मोठा भाग आई किंवा वडील गेल्यानंतरच्या वर्षात येतो. एरवीही हा उशीर नेहमीचाच आहे. ऑस्ट्रेलियात २०१३ ते २०१७ या काळात संस्थांमधल्या बाल लैंगिक अत्याचारांवर रॉयल कमिशन बसलं होतं. आयोगापुढे खासगीत बोललेल्या हजारो लोकांना पहिल्यांदा कुणाला तरी सांगायला सरासरी २३.९ वर्षं लागली होती. म्हणून "मला इतकी वर्षं का नाही सांगितलंत?" हे तोंडून निघू देऊ नका. मनात येईल, साहजिक आहे, वाईटही वाटेल. ते माझ्यासारख्या कुणाजवळ काढा, त्यांच्याजवळ नको.

मग त्यांच्याजवळ काय बोलायचं? फार थोडं. "तुम्ही सांगितलंत ते मी ऐकलं. माझा विश्वास आहे. तुम्ही लहान होतात. बोलावंसं वाटेल तेव्हा मी आहे, नाही वाटलं तरी आहे." एवढं एकदा बोला आणि रोजच्या चहाकडे, बाजारहाटाकडे वळा. ते जे 'आणखीही' म्हणाले, तो शब्द त्यांनी जिथे ठेवला आहे तिथेच राहू द्या. तपशील विचारू नका. प्रेमानं, काळजीपोटी विचारलेला प्रश्नसुद्धा या माणसांच्या कानात चौकशीसारखा वाजतो. लहानपणी त्यांनी काय बोलायचं आणि काय नाही, हे दुसऱ्यानं ठरवलं. आता किती सांगायचं, कुणाला, कधी, कुठे थांबायचं, ते त्यांनी ठरवायचं. मी पुढे जे काही सांगणार आहे, थेरपिस्टचं, मिशनचं, मुलांचं, त्या सगळ्याला हाच नियम लावा. तुम्हाला घाई वाटेल. तुमची घाई त्यांच्या अंगावर जाऊ देऊ नका.

रात्रीचं मात्र आजपासून बदला. ते दचकून उठत असतील तर मागून हात लावून किंवा हलवून जागं करू नका. पायथ्याशी उभं राहून नाव घेऊन हाक मारा, एक छोटा दिवा लागलेला राहू द्या. वसतिगृहाच्या पडवीतून येणारी पावलं, टॉर्चचा उजेड, दाराची कडी, असल्या गोष्टी शरीर विसरत नाही. माझ्याकडे एक बाई यायच्या, अठ्ठावन्न वर्षांच्या. नवरा रात्री उशिरा कामावरून येई आणि त्याच्या सपातांचा आवाज ऐकून त्या पलंगावर ताठ होत. सात-आठ महिन्यांनी त्यांना हे त्याला सांगता आलं. त्या माणसानं पुढे जे केलं ते मला अजून आठवतं. त्यानं शीळ घालायला सुरुवात केली. जिन्याच्या पहिल्या पायरीपासून खोलीच्या दारापर्यंत तो शीळ घालत यायचा, म्हणजे कोण येतंय ते तिला आधीच कळावं. कुणी शिकवलं नव्हतं त्याला. तुमच्या घरातली ती सपातांची गोष्ट कुठली असेल, ते हळूहळू तुम्हाला कळेल. ती त्यांनाच विचारून बदला.

झोपेबरोबर आणखी एका गोष्टीवर लक्ष ठेवा. आईचं दुःख आणि हे, दोन्ही एकदम आलं आहे. जगण्याचा कंटाळा आल्यासारखं बोलणं, वस्तू वाटून टाकणं, दारू वाढणं दिसलं तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं डोक्यात येतं, हा समज खोटा आहे. विचारल्यानं सुटका वाटते. घरात बंदूक असेल तर ती सध्या घराबाहेर सुरक्षित ठेवायची व्यवस्था करा, त्यांच्याशी बोलून. अमेरिकेत जुलै २०२२ पासून अशा वेळी मदत मागायला ९८८ हा फोन नंबर आहे, दिवसरात्र. तो तुमच्याही फोनमध्ये असू द्या.

भावाच्या विपश्यनेच्या सूचनेला माझं आत्ता तरी स्पष्ट 'नाही' आहे. माझ्या माहेरचे निम्मे लोक इगतपुरीला जाऊन आलेत, कित्येकांना त्याचा उपयोग झाला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या माणसाची जखम नुकती उघडली आहे त्याला दहा दिवस मौनात, ओळखीचं कुणी जवळ नसताना, पहाटेच्या घंटेवर उठवून, शिस्तीत, इतरांबरोबर निवासात ठेवायचं? त्यांच्या शरीराला ती शाळाच वाटेल. डोळे मिटून शरीराकडे लक्ष नेणं हे अशा वेळी औषध ठरण्याऐवजी आठवणींचा पूर आणू शकतं. दोन-तीन वर्षांनी, नीट सावरल्यावर, त्यांची स्वतःची इच्छा असेल तर बघू.

धर्माबद्दलही थोडं जपून. तुम्ही हिंदू घरातल्या, ते मिशनऱ्यांच्या घरातले. त्यांची श्रद्धा शिल्लक असेल, नसेल, किंवा एखादं भजन ऐकल्यावर पोटात कालवत असूनही ते दर रविवारी चर्चला जात असतील. ज्याच्या हातून मार खाल्ला त्याच्याच तोंडून देव शिकलेल्या मुलाला पुढे देवाकडे बघताना तो चेहरा मध्ये येतो. यावर त्यांचं काय ठरायचं ते ठरेल. तुमच्या घरच्यांपैकी कुणी यावरून धर्मांतराची, मिशनऱ्यांची चर्चा काढली तर ती तिथेच थांबवा. एका मुलाच्या दुःखावर कुणी आपला वाद जिंकू नये. आणि चर्चमधल्या कुणी "माफ करून टाक" म्हटलं, तर तेही थांबवा. माफी हा शब्द या मुलांकडून फार लवकर, फार वेळा वदवून घेतलेला आहे.

धाकट्या दिरांशी वाद घालू नका. एकाच शाळेत, एकाच काळात एका भावाचं बालपण सुखाचं आणि दुसऱ्याचं नरकासारखं असू शकतं. खोली वेगळी, सांभाळणारा वेगळा, वय वेगळं. शिवाय त्या भावासाठी शाळेतली मुलं हेच गणगोत आहेत. शाळा वाईट होती असं मान्य केलं तर हातात काय उरतं, ही भीती असते. मी असे भाऊ पाहिले आहेत जे पाच वर्षांनी एका रात्री फोन करून म्हणाले, "मलाही काही आठवतंय." असेही पाहिले जे कधीच म्हणाले नाहीत. दोघांनाही तोवर जोडून ठेवायला तुम्ही आहात. दिरांना एवढंच सांगा: "तुमचं खरं आहे, त्यांचंही खरं आहे."

आईवडिलांबद्दल त्यांचं मन एका दिवसात चारदा फिरेल. सकाळी सासूबाईंची आठवण काढून रडतील, संध्याकाळी चिडतील. तुम्ही सासूबाईंची बाजू घेऊ नका आणि त्यांना दोषही देऊ नका. दोन्हींत तुम्ही मध्ये येता.

आता थेरपिस्ट. नियम थोडे आहेत, पण पक्के. राज्याचा परवाना असलेली व्यक्ती हवी, बालपणीच्या अत्याचारांतून आलेल्या मोठ्या माणसांबरोबर काम केलेली, आणि ज्या मिशनची शाळा होती त्या मिशनशी किंवा त्या पंथाच्या समुपदेशन केंद्राशी काडीचाही संबंध नसलेली. पहिल्या फोनवर विचारायचं: "अशा किती लोकांबरोबर काम केलंत? सुरुवात कशी करता?" जो म्हणेल की आधी झोप, सुरक्षितता, रोजचा दिवस सावरू, आठवणी नंतर, त्याच्याकडे जा. जो म्हणेल की संमोहनानं दडलेल्या आठवणी बाहेर काढू, त्याच्यापासून दूर राहा. आठवणी उकरून काढण्यात माणसाचं नुकसान होतं, आणि पुढेमागे साक्ष द्यायची वेळ आली तर साक्षीचंही. ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीनं आघाताच्या आठवणींवर काम करणारी पद्धत) किंवा आघातावर थेट काम करणाऱ्या इतर पद्धतींचा चांगला उपयोग होतो, पण पाया घातल्यावर, पहिल्या आठवड्यात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू आहे, दीर्घकाळ चाललेल्या आणि सुटका नसलेल्या आघाताच्या परिणामांना वेगळं निदान मिळालं आहे. त्यात नुसत्या वाईट स्वप्नांपलीकडचं येतं: स्वतःबद्दलची खोल लाज, भावना आवरता न येणं, जवळिकीची भीती. हे ऐकून माझ्यासमोर बसलेल्या एका निवृत्त इंजिनिअरनं विचारलं होतं, "म्हणजे हा माझा स्वभाव नव्हे?" चाळीस वर्षं तो स्वतःला तुसडा माणूस समजत होता.

शरीराचं विसरू नका, कारण हे कुणीच सांगत नाही. ६३ वय म्हणजे कोलोनोस्कोपी, प्रोस्टेटची तपासणी, दातांची कामं. अशा लोकांपैकी बरेच जण या तपासण्या वर्षानुवर्षं टाळतात आणि घरचे त्याला आळस समजतात. दातांच्या खुर्चीत उताणं पडून, तोंड उघडं, वर कुणाचा तरी चेहरा, यात त्यांना काय होतं ते डॉक्टरला ठाऊक नसतं. काय घडलं ते सांगायची गरज नाही. एक वाक्य पुरतं: "लहानपणीच्या अनुभवांमुळे मला तपासणीचा त्रास होतो. प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगा, आणि मी हात वर केला की थांबा." चांगला डॉक्टर थांबतो. त्यांना बोलणं जड जात असेल तर हे वाक्य चिठ्ठीवर लिहून द्या.

त्यांच्यासारखी माणसं आहेत, हे त्यांना कळणं फार महत्त्वाचं आहे. मिशनऱ्यांची मुलं स्वतःला 'एमके', म्हणजे 'मिशनरी किड्स', म्हणवतात. अशा शाळांतून आलेल्यांनी स्वतःच उभी केलेली एमके सेफ्टी नेट नावाची संस्था आहे. ते एकमेकांशी बोलतात तेव्हा अर्ध्या वाक्यात समजतं. कुठल्या वर्षीचा ट्रक, कुठलं वसतिगृह, कुठली आंटी, काही समजावून सांगावं लागत नाही. मला इतक्या वर्षांत जे साधलं नाही ते कधीकधी तिथे एका फोनमध्ये साधतं. फक्त अशा गटात जाण्याआधी थेरपिस्टकडे जाणं सुरू झालेलं असावं, कारण दुसऱ्यांच्या हकिकती ऐकून आपलं झाकण एकदम उडतं.

मिशनला कळवावं का? इथे जरा थांबते, कारण इथे मी लोकांना दुसऱ्यांदा मोडताना पाहिलं आहे. पहिला प्रश्न: तो गृहस्थ जिवंत आहे का, आणि आजही मुलांजवळ जातो का? तसं असेल तर मिशनकडे नाही, आधी पोलिसांकडे किंवा बालसंरक्षण विभागाकडे, आणि त्यात उशीर करू नये. हे त्यांना सांगा, पण हळुवारपणे, दुसरी मुलं वाचवण्याचं ओझं पुन्हा त्या सहा वर्षांच्या मुलावर टाकल्यासारखं होऊ देऊ नका. तुमच्या यजमानांच्या वयाकडे बघता तो माणूस बहुधा हयात नसेल.

नसेल, तर घाई नाही. संस्था कशा वागतात याचा इतिहास आहे, तो बघून जा. न्यू ट्राइब्ज मिशनच्या सेनेगलमधल्या फांडा शाळेची चौकशी ग्रेस नावाच्या बाहेरच्या संस्थेनं केली. २०१० मध्ये अहवाल आला आणि तो जाहीरही झाला. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चनं काँगोतल्या मुलांबद्दलचा अहवाल २००२ मध्ये काढला, मग आणखी देशांतल्या तक्रारींसाठी वेगळं मंडळ नेमलं, त्याचा अंतिम अहवाल २०१० चा. याच्या उलट बांगलादेशातल्या एका मिशन डॉक्टरचं प्रकरण. १९८९ मध्ये एका मिशनरी कुटुंबातल्या किशोरवयीन मुलीनं त्याच्याबद्दल सांगितलं, तेव्हा बॅप्टिस्ट मिशनच्या मोठ्यांनी त्या मुलीकडूनच 'कबुलीजबाबा'वर सही घेतली. पुढे २०११ मध्ये त्याच मिशननं ग्रेसला चौकशीला बोलावलं, आणि २०१३ मध्ये, अहवाल येण्याआधीच, त्यांना काढून टाकलं. मग दुसऱ्यांना नेमलं. अहवाल यायला २०१६ उजाडलं. ज्यांनी एकदा जीव मुठीत धरून जबाब दिले होते त्यांना ते पुन्हा द्यावे लागले.

म्हणून मिशनशी बोलण्याआधी हे विचारा आणि उत्तरं लेखी मागा: चौकशी कोण करणार, त्यांना पैसे कोण देतं, अहवाल आधी कुणाच्या हातात जाणार, तो जाहीर होणार का, जबाबाची प्रत आम्हाला मिळणार का, नाव गुप्त राहील का. मिशन थेरपीचा खर्च देऊ म्हणेल. तो घ्यायला हरकत नाही, पण थेरपिस्ट तुमचा, नोंदी तुमच्या, आणि गप्प राहण्याच्या कुठल्याही कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही. क्षमायाचनेच्या पत्रात 'जर कुणाला दुखावलं असेल तर' असं असेल तर ते परत पाठवायचा त्यांना हक्क आहे. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी असं पत्र तीनदा परत पाठवलं. चौथ्यात 'जर' नव्हता.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण आशा मर्यादित ठेवलेली बरी. अमेरिकन माणसानं परदेशात केलेल्या अशा गुन्ह्यांवर अमेरिकेत खटला चालवणं २००३ च्या प्रोटेक्ट कायद्यानं पुष्कळ सोपं केलं, पण तो मागच्या घटनांना लागत नाही. साठ-सत्तरच्या दशकातल्या गोष्टींवर फौजदारी खटला उभा राहणं जवळजवळ अशक्य. दिवाणी दाव्याचं राज्यागणिक वेगळं आहे. न्यूयॉर्कनं ऑगस्ट २०१९ ते ऑगस्ट २०२१, कॅलिफोर्नियानं २०२० ते २०२२ अखेर मुदत उलटलेले जुने दावेही दाखल करता यावेत म्हणून तेवढ्या काळापुरती खिडकी उघडली होती. मिशनचं मुख्यालय ज्या राज्यात तिथला कायदाही लागू होऊ शकतो. या विषयातल्या वकिलाशी पहिली भेट बहुतेक ठिकाणी फुकट असते. ती त्यांची इच्छा असेल तेव्हाच, आणि निकालाची अपेक्षा न ठेवता.

तुमची मुलं मोठी असतील. त्यांना काय सांगायचं हे वडील ठरवतील. बाबा आजीच्या दुःखात आहेत, त्यांना थोडी शांतता द्या, एवढं आत्ता पुरे. आणि तुम्ही स्वतः? तुम्ही अचानक एकतीस वर्षांचा संसार मागे जाऊन पुन्हा वाचायला लागला असाल: तो म्हणून असा वागला होता का, ते म्हणून तसं झालं का. स्वतःसाठी वेगळा थेरपिस्ट बघा, त्यांचाच नको. मराठीत बोलता येणारा मिळाला तर फारच छान, कारण रडायला आपली भाषा लागते. एका मैत्रिणीला तुमच्याबद्दल सांगायला त्यांची परवानगी घ्या. ती बहुधा मिळेल.

राहिला खोका. त्यांच्या परवानगीशिवाय त्यातलं एकही पत्र वाचू नका. त्यांच्या पत्रांवर परक्याची नजर खूप वेळा पडून गेली आहे. फेकू नका, नणंदेला परत पाठवू नका, स्कॅन करू नका, आणि "जाळून टाका, मन मोकळं होईल" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, कारण उद्या चौकशी झाली तर तो कागदोपत्री पुरावाही आहे. कोरड्या कपाटात ठेवा, किल्ली त्यांच्याकडे द्या.

माझ्याकडे एक गृहस्थ होते, त्यांच्याकडेही असाच गठ्ठा आला होता. वर्षभरानंतर त्यांनी त्यातलं एक पत्र निवडलं, आठव्या वर्षी लिहिलेलं, चार ओळींचं. तेच पत्र त्यांना पुन्हा लिहायचं होतं, त्या रविवारी जे लिहायचं होतं ते. चार महिने लागले. दर मंगळवारी येऊन एक-दोन वाक्यं लिहीत, काही खोडत. पहिली ओळ होती, 'आई, मला घरी यायचं आहे.' पूर्ण झाल्यावर त्यांनी ते बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. मग पाकिटात घातलं, पाकीट चिकटवलं नाही, आणि जुन्या पत्राच्या मागे ठेवून दिलं.

तुमच्या यजमानांना असं काही करावंसं वाटेल की नाही, माहीत नाही. सुचवू नका. आज रात्री फक्त एवढं सांगा, की खोका वरच्या कपाटात ठेवला आहे, मी उघडलेला नाही, आणि किल्ली तुमच्या टेबलाच्या खणात आहे.